भुवयांचा ताळेबंद

मराठीत समीक्षकांचा तुटवडा आहे, असं कोणी म्हणणार नाही. कथेला समीक्षक आहेत, कवितेला तर कवींपेक्षा जास्त आहेत आणि नाटकाला तिसरी घंटा होण्यापूर्वीच मत तयार असलेले आहेत. आमच्या खान्देशात वांग्याच्या भरताला घरटी एक समीक्षक आहे आणि दुसऱ्याच्या घरचं भरीत खाताना तो विशेष कठोर होतो. पण एक कला अशी आहे, की तिचे कलावंत गल्लोगल्ली आहेत, रसिक घरोघरी आहेत, दर तीन आठवड्यांनी तिचा नवा प्रयोग लागतो, आणि तरी तिच्यावर एका ओळीचं परीक्षण माझ्या वाचनात आलेलं नाही. ती म्हणजे भुवया कोरण्याची कला. आमच्या फैजपुरात तिला 'आयब्रो करणं' म्हणतात. म्हणजे असं, की जन्मतः मिळतात त्या भुवया आणि ४० रुपये देऊन करून आणतात त्या आयब्रो.

या विषयावर लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारून झालेला आहे, तेव्हा वाचकांनी तो पुन्हा विचारण्याची तसदी घेऊ नये. मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि गेली बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. डावीकडचं उजवीकडे जुळलं नाही तर मला घरी जाता येत नाही. भुवया हाही डाव्या-उजव्या बाजूचाच मामला. म्हणजे विषय माझ्याच खात्यातला आहे.

शिवाय या दोन खात्यांचा जुना घरोबा आहे. ज्या लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली जमा-नावेची पद्धत छापील पुस्तकात घातली आणि पुढच्या पाचशे वर्षांच्या कारकुनांची झोप उडवली, त्याचा दोस्त होता लिओनार्दो दा विंची. प्रमाणबद्धतेवरच्या पाचोलीच्या दुसऱ्या एका ग्रंथाला लिओनार्दोनं आकृत्याही काढून दिल्या. इतकी संगत, पण या दोस्ताच्या मोनालिसाला आज भुवयाच दिसत नाहीत. २००७ साली पास्काल कॉत या फ्रेंच अभियंत्यानं ते चित्र मोठ्या ताकदीच्या कॅमेऱ्यानं तपासून सांगितलं, की मूळ चित्रात भुवया होत्या, पुढे त्या नाहीशा झाल्या. आमच्या ऑडिटरच्या भाषेत सांगायचं तर नोंद होती, ती कोणीतरी खोडली आणि खोडलेल्या जागी सही केली नाही.

असो. कोणत्याही कलेच्या परीक्षणात आधी साहित्य आणि तंत्र यांचा विचार करायचा असतो. पुरुषाला हे तंत्र पाहायला मिळणं कठीण. पार्लरच्या दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी आणि पाटीमागे पडदा. मला ते पाहायला मिळालं ते बँकेच्या कृपेनं. आमच्या भागात घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या एक ताई मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटाचं कर्ज मागायला आल्या. या गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्यासाठी धंद्याचं स्वरूप लिहावं लागतं. मी विचारलं, "यंत्रसामग्री काय?" त्या म्हणाल्या, "दोरा." मी म्हटलं, "आणखी?" त्या म्हणाल्या, "दात."

एवढ्या यंत्रसामग्रीवर कर्ज कसं मंजूर करायचं, या विवंचनेत मी असताना ताईंनी माझ्या खणातला व्हाउचरं शिवायचा दोरा ओढून घेतला. एक टोक दातात धरलं, दुसरं एका हाताच्या बोटांना गुंडाळलं, मधे फास करून त्याला चार-पाच पीळ दिले आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या शिपाईभाऊंचा हात पकडला. बोटं उघडली की पीळ पुढे सरकतो, मिटली की मागे येतो, आणि या येण्याजाण्यात जो केस पिळात सापडेल तो मुळासकट बाहेर. कात्री नाही, पाती नाही, वीज नाही. शिपाईभाऊ "ओ भो!" म्हणून ओरडले तेव्हा त्यांच्या मनगटावर एक सरळ, स्वच्छ, रेघेसारखी वाट पडली होती. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. कर्ज मंजूर झालं. हप्ते वेळेवर येतात, हे मी खातं पाहून सांगतो आहे.

तंत्र असं निर्दोष असताना परीक्षण कशाचं करायचं? तर त्या तंत्रानं जी शैली आज सगळीकडे चालवली आहे, तिचं.

गाण्यात जशी घराणी असतात तशी भुवयांतही आहेत. पहिलं धनुष्य घराणं. आमच्या आईच्या पिढीनं ही भुवई दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पाहिली. दीनानाथ दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची ती बाई! घागर घेऊन उभी असो की पणती घेऊन, भुवई अशी, की आत्ता बाण सुटेल. या चित्रांनी मराठी मध्यमवर्गाच्या किती लग्नांत नसत्या अपेक्षा निर्माण केल्या असतील, याचा हिशेब कुठल्याही बँकेत नाही. दुसरं रेघ घराणं. १९३० च्या सुमारास हॉलिवूडमध्ये ग्रेटा गार्बो, जीन हार्लो वगैरे मंडळींनी होती ती भुवई जवळजवळ सगळी काढून तिच्या जागी पेन्सिलीची रेघ ओढायची चाल पाडली. ही चाल १९९० नंतर पुन्हा एकदा येऊन गेली आणि जाताना बऱ्याच जणींच्या भुवया घेऊन गेली, कारण वर्षानुवर्षं उपटलेला केस दर वेळी परत येईलच अशी खात्री नसते. तिसरं रान घराणं. जसं उगवलं तसं ठेवायचं. काजोल या घराण्याची. आई तनुजा, आजी शोभना समर्थ, म्हणजे मुलगी आपल्यातलीच. १९९३ चा 'बाजीगर' आणि १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' यांत ती जवळजवळ जुळलेल्या भुवया घेऊन बिनधास्त वावरली आणि तोवर जुळलेल्या भुवयांवरून टोमणे खाणाऱ्या कितीतरी मुलींना आरशासमोर थोडं ताठ उभं राहता आलं.

वराहमिहिरानं मात्र तिला नापास केलं असतं. सहाव्या शतकातल्या त्याच्या 'बृहत्संहिते'त चांगल्या भुवयांची लक्षणं दिलेली आहेत : जुळलेल्या नकोत, फार जाड नकोत, लोंबणाऱ्या नकोत, कोवळ्या चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या हव्यात. मुली बघणारे लोक चौदाशे वर्षांपूर्वीही तितकेच चिकित्सक होते, हे यावरून सिद्ध होतं. पण एक गोष्ट मी कारकुनी नजरेनं दोनदा तपासली. दोन्ही भुवया मोजून एकमेकींसारख्या हव्यात, अशी अट त्या ओळीत मला काही आढळली नाही.

ही अट आजची. आणि माझं भांडण तिच्याशी आहे.

पूर्वी बाई आरशात पाहत असे. आरशात माणूस जन्मभर स्वतःला उलटाच पाहतो आणि त्याची त्याला सवय होते. मग हातात मोबाइल आला. दुसऱ्यानं काढलेला फोटो सुलटा येतो, आणि जन्मभर डावीकडे पाहिलेली उंच भुवई अचानक उजवीकडे दिसते. झालं! "अगंबाई, माझ्या भुवया वरखाली आहेत!" वास्तविक त्या पहिल्यापासून वरखालीच असतात. कपाळाचा जो स्नायू भुवई वर ओढतो तो दोन्ही बाजूंना सारख्या जोरानं काम करतोच असं नाही. एक बाजू कामसू, दुसरी रजेवर, हे सरकारी कचेरीइतकंच नैसर्गिक आहे. पण फोटो मोठा करून पाहायची सोय झाल्यापासून माणसं स्वतःच्या चेहऱ्याचं ऑडिट करू लागली आहेत.

आमच्या समोरच्या वहिनींनी हे ऑडिट भाच्याच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात केलं. ताईंकडे गर्दी होती, म्हणून त्या परगावी एका मोठ्या, थंडगार पार्लरात गेल्या. तिथं उजवी भुवई किंचित जाड निघाली, म्हणून उजवीतले चार केस काढले. आता डावी जाड दिसू लागली, म्हणून डावीतले सहा काढले. मग पुन्हा उजवी. लोण्याचा गोळा वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. या पारड्यातलं थोडं खा, त्या पारड्यातलं थोडं खा, आणि दोन मांजरी बघत बसल्या आहेत. वहिनी परत आल्या तेव्हा कपाळावर दोन स्वल्पविराम उरले होते. पण सारखे! सूक्ष्मदर्शक लावा, तसूभर फरक नाही. दोन्ही बाजूंच्या नोंदी खोडत खोडत शून्यावर आणल्या की ताळेबंद जुळतोच, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल.

त्यानंतर दोन महिने वहिनींच्या चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य होतं. लग्नात ते खपून गेलं, कारण मुलाकडच्यांनी केलेली व्यवस्था पाहून सगळेच आश्चर्यचकित झाले होते. पण पुढच्या आठवड्यात त्या एका घरी भेटायला गेल्या. नव्वदी ओलांडलेले आजोबा गेले होते. वहिनी दारातून आत आल्या आणि त्यांचा चेहरा पाहून घरच्यांनाच वाटलं, की आपल्या घरात काहीतरी फारच अनपेक्षित घडलं असावं.

याला कारण आहे. भुवई ही नुसती शोभेची वस्तू नाही, ती बोलते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत : उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. यातल्या रेचितात एकच भुवई डौलानं वर जाते. एकच! दुसरी जागेवर. लावणीत ती एक भुवई उडते तेव्हा पहिल्या रांगेतल्या फेट्यांचं काय होतं, हे मी सांगायला नको. आमच्या सौभाग्यवतींचा रेचित वेगळ्या प्रकारचा आहे, तो मी पगाराचा आकडा सांगताना होतो. पण ज्या भुवयांना जन्मभर जोडीनंच उभं राहायचं आहे, त्यांनी सातापैकी किती क्रिया कराव्यात?

आता बँकेतली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे चेक आला की सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतात. नव्या पोराला वाटतं, की सही जितकी हुबेहूब तितका चेक चोख. तसं नसतं. माणूस दोनदा सही करतो तेव्हा ती दोनदा थोडी वेगळी होते. कधी वेलांटी लांबते, कधी खालची रेघ आखडते. एका सहीवर दुसरी ठेवली आणि रेघ न् रेघ बसली, तर जुना माणूस चष्मा पुसतो, कारण जिवंत हात असं करत नाही. असं करतो तो खाली नमुना ठेवून गिरवणारा हात. हस्ताक्षरतज्ज्ञही बनावट सही अशीच पकडतात. हे सूत्र भुवयांना लावलं तर थंडगार पार्लरातून बाहेर पडणाऱ्या निम्म्या भुवया मी पेमेंट न करता परत पाठवीन.

कोणी म्हणेल, हे कारकुनाचं शास्त्र, कलेला काय होय! तर कलेकडेही जाऊ. लांब जायला नको, फैजपुरातच थांबू. आमच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते एका ओळीपुरतं : काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. त्या अधिवेशनाचं टिळकनगर गांधीजींच्या सांगण्यावरून सजवलं नंदलाल बोस यांनी, बांबू आणि असंच गावात मिळणारं साहित्य वापरून. गावकरी त्यांना बांबू देताना काय म्हणाले असतील कोण जाणे, पण या माणसानं त्याआधी सत्तावीस वर्षं, म्हणजे १९०९ सालच्या थंडीत, आमच्याच शेजारच्या अजिंठ्यात बसून लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंसाठी भिंतींवरच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. अजिंठ्याच्या भुवया त्यानं बोटांनी शिकलेल्या होत्या.

फैजपूरहून भुसावळ, जामनेर, पहूर करत फर्दापूरला उतरलं की अजिंठा आलाच. आमच्या शाखेची सहल तिथं गेली होती. बाकीचे स्टाफ डबे कुठे उघडायचे याची चर्चा करत असताना मी पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा होतो. पंधराशे वर्षांचं चित्र, रंग जागोजाग उडालेला, उजेड बेताचा. मान एका बाजूला कललेली, नजर खाली, हातात कमळ. डाव्या-उजव्या बाजू ताडून पाहायची खोड तिथंही सुटली नाही. एक भुवई घेतली आणि मनातल्या मनात दुसरीवर ठेवून पाहिली. बसत नाही! मान कलली की चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत, आणि चित्रकारानं त्या सारख्या करायचा खटाटोप केलेला नाही. दोन्ही रेघा एकाच हाताच्या आहेत एवढंच कळतं. दोन सह्या, एकच खातेदार. मी तिथल्या तिथं पास केलं.

नंदलालांचे गुरू अवनींद्रनाथ टागोर. त्यांनी भारतीय चित्रातल्या शरीररचनेवर एक छोटा निबंध लिहिला आहे, १९१४ सालचा. त्यात डोळा कशासारखा, नाक कशासारखं, हनुवटी कशासारखी अशी जुन्या शास्त्रातली सगळी यादी आहे. भुवईला दोन उपमा : धनुष्य आणि कडुनिंबाचं पान. धनुष्याचं आपण दलाल-मुळगावकरांपर्यंत पाहिलंच. कडुनिंबाचं पान मी घरी येऊन अंगणात पाहिलं. पाडव्याला ते आपण तोंड वाकडं करून खातो, त्यामुळे नीट पाहायचं राहून जातं. एक पान घेऊन मधल्या शिरेवर धरा. दोन बाजू सारख्या नसतात! देठाशी एक बाजू जरा पुढे, एक मागे, आणि सगळं पान कोयत्यासारखं एका अंगाला वळलेलं. एका डहाळीवरची दहा-बारा पानं मी ओट्यावर मांडून पाहिली, जोडी जमली नाही. सौभाग्यवतींनी विचारलं, "काढा करायचाय का?" म्हणजे शास्त्रकारांनी भुवईसाठी उपमा निवडली तीच अशी, की जिच्यात वरखाली आधीच मंजूर आहे. शिवाय अवनींद्रनाथांनी सुरुवातीलाच शिष्यांना बजावलं आहे, की हे नियम म्हणजे मोडू नयेत असे कायदे समजू नका. असा गुरू आमच्या समोरच्या वहिनींना भेटायला हवा होता.

एवढं सगळं पांडित्य मी मिळवलं ते हौसेखातर नव्हे. घरातल्या एका भुवईखातर.

आमची मुलगी चार वर्षांची असताना धावता धावता ओट्याच्या कडेवर आपटली. डाव्या भुवईला तीन टाके पडले. जखम भरली, पण व्रणावर केस येत नाही. त्यामुळे तिची डावी भुवई मध्येच तुटते, दोन-तीन तांदळांएवढी मोकळी जागा सोडते आणि पुढे जरा खालून सुरू होते. एसटी घाटात दरड पडल्यामुळे थांबावी आणि पलीकडून दुसरी सुटावी तसं. लहानपणी त्याचं कोणाला काही नव्हतं. आता ती एकोणीस वर्षांची आहे, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीला भुसावळहून तिची आत्या आली. फराळाचं ताट पुढे घेऊन म्हणाली, "दादा, हिचे फोटो काढण्याआधी तेवढी भुवई नीट करून घे बरं. मुलाकडचे बघतात." शहरात म्हणे बारीक पात्यानं कातडीत रंग भरून एकेक केस काढून देतात, वर्ष-दीड वर्ष टिकतो, खर्च काही हजार. आत्या मनानं वाईट नाही. तिनं शंकरपाळीचा डबाही आणला होता.

मुलगी काही बोलली नाही. पण मी आकड्यांचा माणूस, मला अनुक्रम दिसतो. दिवाळीनंतर तिनं भांग बदलला. केस डाव्या कपाळावर येऊ लागले. मग एके रात्री मी मोबाइलमधले घरचे फोटो पाहत बसलो होतो. गणपतीचा, कॉलेजच्या संमेलनाचा, तिच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. दिवाळीआधीचे असोत की नंतरचे, गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक फोटोत तिचा उजवा गाल होता. आत्या बोलली ती दिवाळीत, पोरगी वळून उभी राहत होती दोन वर्षांपासून. सौभाग्यवतींना दाखवलं. त्यांनी फोन हातातून घेतला, एकेक फोटो पाहिला, आणि खाली ठेवला. त्या रात्री मी वराहमिहिर उघडला. प्रत्येक जण आपल्या कुवतीप्रमाणे काहीतरी करतो.

उपयोगी काम केलं ते ताईंनी. पुढची हकीकत मुलीनं घरी येऊन हावभावांसकट सांगितली. ताईंनी तिला आडवं निजवलं नाही, खुर्चीत सरळ बसवलं. आरसा काढून घेतला. म्हणाल्या, "आरसा दिसला की बाई भुवया वर करते आणि मग मी त्या खोट्या भुवया मोजत बसते." पेन्सिल नाकपुडीपासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरून भुवई कुठे सुरू व्हायला हवी, कुठे संपायला हवी ते पाहिलं. आणि मग दोरा हातात न घेताच गप्पा मारत बसल्या. परीक्षा कधी, मैत्रिणी कोण, मॅडम कशा शिकवतात. दहा मिनिटं. मुलगी हसली, चिडली, नक्कल करून दाखवू लागली. ताई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझी डावी खाली नाही गं. डावी जास्त बोलते. उजवी मुखदुर्बळ आहे."

मग उजव्या भुवईच्या खालून चार केस काढले, कमान थोडी मोकळी केली. डावीला दोरा लावलाच नाही. "हिला दोन महिने कोणी हात लावायचा नाही. एरंडेल लाव हवं तर, बाकीचे केस दाट दिसतील. पण व्रणावर केस येणार नाही, ते आत्ताच सांगते. कोणी येईल म्हणालं तर पैसे देऊ नको. भरायची असेल तर पेन्सिलीनं भर, नसेल तर नको भरूस." आणि घेतले २० रुपये. एक भुवई, निम्मे पैसे. बावीस वर्षांच्या नोकरीत, न केलेल्या कामाचा आकार न लावणारी संस्था मी पहिल्यांदाच पाहिली.

टीकाकाराला एवढं कळलं तरी पुष्कळ. थंडगार पार्लरातल्या कलावंताला दोन भुवया दिसल्या, ताईंना एक चेहरा दिसला. तो दिसण्यासाठी आधी दहा मिनिटं दोरा खाली ठेवावा लागतो, आणि दर पंधरा मिनिटांना एक गिऱ्हाईक असा हिशेब असेल तर ती दहा मिनिटं आणायची कुठून? दोष हाताचा नाही, घड्याळाचा आहे. आमच्या काउंटरवरही तेच.

त्याच आठवड्यात मी केस कापायला गेलो. चाळिशीनंतर पुरुषाच्या डोक्यावरचा केस संपावर जातो आणि भुवईतला कामाला लागतो, हा अनुभव वाचकांपैकी काहींना असेल. आमचे कारागीर अलीकडे "भुवया पण मारू का भाऊ?" असं विचारतात. ब्रेझनेव्ह अठरा वर्षं त्या भुवयांवर रशिया चालवून गेला, पण त्याला कोणी विचारलं नसेल. तर मी बाकावर बसलो असता पुढच्या खुर्चीत कॉलेजचा एक तरुण होता. त्यानं मोबाइलवर कुणा गायकाचा फोटो दाखवला आणि कारागिरांनी वस्तरा घेऊन त्याच्या धडधाकट डाव्या भुवईत मधोमध एक फट पाडली. दोन-तीन तांदळांएवढी. पोरानं आरशात पाहिलं, मान वळवून पुन्हा पाहिलं आणि खूष होऊन पैसे दिले. मागे आणखी दोघं त्याच कामासाठी बसले होते. गालावरचं बोट गालावरच ठेवून मी ते पाहत राहिलो.

घरी येऊन मुलीला सांगितलं. आधी तिचा विश्वास बसेना. मग ती हसली, आणि हसताना डावी भुवई एकटीच वर गेली, तुटलेल्या जागेसकट. उजवी आपली जागेवर.

भांग अजून बदललेला नाही. पेन्सिल कॉलेजला जाताना कधी लावते, कधी नाही. आत्याचा फोन आला होता, तिला मी कडुनिंबाच्या पानाविषयी सांगू लागलो तर ती म्हणाली, "दादा, तब्येत बरी आहे ना?" परवा मात्र मुलगी गाडी शिकण्याच्या परवान्याचा फॉर्म भरत बसली होती. त्यात 'ओळखखूण' म्हणून दोन रकाने असतात. पहिल्यात तिनं मला न विचारता लिहून टाकलं : डाव्या भुवईवर व्रण. दुसऱ्या रकान्यासाठी काही सापडत नाही, म्हणून सध्या घरात तिचे हातपाय उलटेसुलटे करून तीळ शोधण्याचं काम चालू आहे.